तळहातावरचं अक्षर

“हे पानं कोनं लावले?”

रज्जाकनं हातातलं जाड पुस्तक ओसरीच्या फरशीवर आपटलं, तशी आत भाकऱ्या थापणाऱ्या त्याच्या बायकोचा, लतीफाचा, हात परातीतच थिजला आणि खांबाला टेकून बसलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीनं, मेहरुन्निसानं, मान वर केली. आवाजावरूनच तिनं ओळखलं... हे इंझोरीच्या हेमसिंगचं पुस्तक! त्याच्या दिवंगत वडिलांनी स्वतःच्या हातानं लिहिलेल्या जुन्या वह्या होत्या त्या, एकत्र शिवून पुस्तक करायला दिलेल्या.

“साऱ्या गावासमोर वाचाले बसला तो मानूस,” रज्जाक म्हणाला, “अन् बाराव्या पानामागं चाळिसावं पान! लोक हासले, आपा! त्याच्या मेलेल्या बापाच्या लिव्हन्याले लोक हासले! निजामुद्दीन दप्तऱ्याच्या घरचं काम हाये म्हने हे... आब्बाचं नाव मातीत गेलं! सांग, कोनं लावले हे पानं?”

परातीत थिजलेला हात आता कापू लागला होता. ते कापणं मेहरुन्निसाला दिसलं नाही, पण बांगड्यांची बारीक किणकिण तिच्या कानांनी टिपली आणि एका क्षणात तिनं मनाशी निश्चय केला.

“म्याच लावले,” ती शांतपणे म्हणाली.

“तूनं?”

“व्हय. ध्यान नव्हतं माहं.”

“ध्यान कसं राहीन? काम हातात अन् डोये पुस्तकात! वाचनाचा नादच सोडत नाई तू. बस झालं, आपा! आजपासून एकबी पुस्तक ह्या उंबऱ्याच्या आत येनार नाई. शिलाई मी करीन, पानंबी मीच लावीन. तू पुस्तकाले हात लावाचा नाई!”

तो ताडताड पावलं टाकत पुढच्या दुकानात निघून गेला. मेहरुन्निसा तशीच बसून राहिली. डोळ्यांतून एक टिपूसही आलं नाही... पण अंतःकरणात जे कोसळलं त्याचा आवाज तिला एकटीलाच ऐकू येत होता.

कारंज्याच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत निजामुद्दीनचं हे घर होतं. पुढं पुस्तकं बांधायचं दुकान, मागं ओसरी आणि अंगण. छापखान्यातून घड्या घालून आलेले कागद, ज्यांना दप्तरी लोक फर्मे म्हणतात, ते क्रमानं लावायचे, सुईदोऱ्यानं शिवायचे, खळ लावून पुठ्ठा चढवायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा. पानांचा क्रम चुकू नये म्हणून निजामुद्दीननं पोरीला लहानपणीच बाळबोध अक्षरं शिकवली, उर्दूही शिकवली. आकडे ओळखता ओळखता ती ओळी वाचू लागली, ओळी वाचता वाचता त्यांत हरवून जाऊ लागली. घरात बांधायला येईल ते पुस्तक तिचं. दोन दिवसांचं पाहुणं असे ते, पण त्या दोन दिवसांत ती कितीतरी राजवाडे हिंडून येई, कितीतरी नद्या ओलांडून येई!

मग निजामुद्दीन वारला. रज्जाक तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि ती एकोणीस. मूर्तिजापूरचं एक स्थळ आलं, पुढं अमरावतीचं आलं. दोन्ही वेळा तिनं दाराआडून एवढंच सांगितलं, “ह्या लेकराले टाकून मी कशी जाऊ?” तिसऱ्यांदा कुणी विचारायलाच आलं नाही. तिनं भावाला जवळ बसवून अक्षरं गिरवायला लावली, फर्मे शिवायला शिकवलं, दुकान त्याच्या हाती दिलं, रिसोडहून त्याच्यासाठी लतीफासारखी गोड मुलगी शोधून आणली. आपल्या आयुष्याचं काय झालं, याचा तिनं कधी विचारच केला नाही. का करावा? तिच्यापाशी पुस्तकं होती ना!

...आणि दोन वर्षांपूर्वी एका दुपारी वाचता वाचता एक अक्षर नाहीसं झालं.

प्रथम तिला वाटलं, शाई पुसट असेल. तिनं पुढच्या अक्षराकडं पाहिलं, तर तेही विरलं. ज्याच्याकडं पाहावं तेच धुक्यात जाई आणि आजूबाजूचं मात्र तसंच राही! अंगणातला कडुलिंब दिसे, पण फांदीवरचा पक्षी दिसत नसे. लतीफाची ओढणी दिसे, तिचं मुख दिसत नसे. महिन्या-महिन्यानं ते धुकं दाट होत गेलं. तरी पुस्तक मांडीवर घेऊन, पान तिरकं धरून एखादा शब्द तरी हाती लागतो का, ते ती पाहत राही. रज्जाकला तिनं काहीच कळू दिलं नाही. शिलाई तर बोटांनाच पाठ होती, पण पानांवरचे आकडे? तेवढ्यासाठी तिनं एकट्या लतीफाला सांगून जवळ बसवलं. तिला आकडे नीट येत नव्हते, बारा आणि एकवीस यांत तिचा नेहमी घोटाळा व्हायचा. हेमसिंगच्या वह्या लतीफाच्याच हातून उलटसुलट लागल्या होत्या... पण त्या अजाण पोरीचा काय अपराध?

रज्जाक गेल्यावर लतीफा धावत आली आणि तिच्या कुशीत कोसळली.

“आपा, तुमी खोटं काहून बोलल्या? चूक तं माही होती!”

“रडू नको, दुल्हन. तो रागाचा कडक हाये. तुले रिसोडले धाडलं असतं त्यानं.”

“मंग तुमच्या डोयाचं तरी सांगा त्याईले!”

“नाई!” मेहरुन्निसानं तिला घट्ट धरलं. “आंधळीच्या हाती पुस्तक कोन देते, बेटी? आज रागानं बंद केलं, राग एक दिस जाईन. पन कीव आली का, ते कदीच जात नाई...”

त्यानंतरचे दिवस कसे गेले, ते तिचं तिलाच ठाऊक! पुढच्या दुकानातून ताज्या खळीचा वास येई, कोऱ्या कागदाची सळसळ येई आणि तिची बोटं ओढणीच्या काठावर उगाच टाके घालत राहत. मग ती डोळे मिटून घेई. मिटल्या डोळ्यांआड ते धुकं नसे! वाचलेलं सारं तिथं लख्ख उजेडात उभं असे... संगमरवरी सज्जे, कमळांनी भरलेले तलाव, वाळवंटातून घंटा वाजवत चाललेले उंट. कधी या कथेतली राणी त्या कथेतल्या फकिराला भेटे आणि ती स्वतःशीच हसे. पण वाचलेलं सरून जातं. नवं काही मिळालं नाही की मनसुद्धा भुकेजतं.

एके दिवशी लतीफा तिच्यासमोर येऊन बसली आणि आपला तळहात पुढं करून म्हणाली, “आपा, मले शिकवा.”

“काय?”

“वाचाले. तुमाले दिसत नाई, मले येत नाई. दोघी मिळून एक मानूस तं व्हईन ना!”

मेहरुन्निसानं तो कोवळा तळहात चाचपला, सरळ केला आणि त्यावर आपल्या बोटानं हळुवार एक रेघ ओढली, एक गोल दिला, एक काना दिला. “हा आ. आपाचा आ.” लतीफा खुदकन हसली. त्या दिवसापासून दुपारी चूल निवली की दोघी लिंबाखाली बसत. परातीतल्या पिठात, अंगणातल्या धुळीत, तळहातावर अक्षरं उमटत आणि पुसली जात. पावसाळा गेला, कपाशी फुटली, बाजारात गाड्या येऊ लागल्या, तोवर लतीफा बाराखडी ओलांडून शब्दांवर आली होती.

दर शुक्रवारी रज्जाक नमाजाला मशिदीत जाई. तेवढ्या वेळात लतीफा दुकानातून एखादा न शिवलेला फर्मा ओढणीखाली लपवून आणी आणि अडखळत, धापा टाकत वाचे. एका ओळीला चिलमभर वेळ लागे, पण मेहरुन्निसाला त्याचं काहीच नव्हतं! एकेक शब्द ती जिभेवर खडीसाखरेसारखा विरघळू देई. पूर्वी ती घाईघाईनं वाचत असे, पुस्तक परत जायचं म्हणून. आता एकाच वाक्यातल्या नदीकाठी तिला कितीही वेळ बसता येत होतं.

त्या शुक्रवारी मात्र रज्जाक लवकर परतला. दुकानाचं दार उघडताच मागून आवाज आला. कुणीतरी वाचत होतं! त्यानं पडदा किंचित बाजूला केला... लिंबाच्या कवडशात त्याची अडाणी बायको मांडीवर फर्मा घेऊन बसली होती आणि समोर आपा, मिटल्या डोळ्यांनी, उमललेल्या मुद्रेनं.

“राजकन्येनं नावाड्याला वि...चा...रलं, तुझी नाव... थांबा आपा, हे काय हाये? लई गुतागुतीचं अक्षर हाये.”

“कसं हाये?”

“पाहा ना... अगं माय, चुकली. हात द्या.”

आपानं तळहात पुढं केला. लतीफानं त्यावर बोटानं ते अक्षर सावकाश गिरवलं, एक वळण, दुसरं वळण, खाली ओढलेली रेघ. आपाचा चेहरा क्षणभर एकाग्र झाला, मग फुलला.

“क्ष! क्ष हाये तो, दुल्हन! ‘क्षणभर थांबेल का?’ असं अशीन. वाच, पुढं वाच!”

पडद्याचा काठ धरलेली रज्जाकची मूठ सुटली. ज्या आपानं त्याला पहिलं अक्षर दाखवलं, तिला आज हातावर अक्षर काढून दाखवावं लागत होतं... तो पुढं आला. लतीफा दचकून उभी राहिली, फर्मा खाली पडला. आपा मात्र त्याच्या दिशेनं पाहतही नव्हती, ती त्याच्या खांद्यामागच्या भिंतीकडं पाहत होती!

“आपा...” तो म्हणाला, “तुले दिसत नाई?”

तिनं हळूच मान हलवली.

“कवापासून?”

“दोन वरीस झाले असतीन.”

“अन् ते पानं...”

“ते म्या लावले होते!” लतीफा हुंदका देऊन म्हणाली. “आकडे येत नोयते मले. आपानं माहा गुन्हा आपल्या माथ्यावर घेतला. तुमी त्याईचे पुस्तकं बंद केले, तरी त्या बोलल्या नाई!”

“तिले बोलू नको रज्जाक,” मेहरुन्निसा घाईनं म्हणाली, “म्याच बसवलं होतं तिले.”

रज्जाकनं गुडघे टेकले आणि लहानपणी टेकायचा तसा बहिणीच्या मांडीवर माथा टेकवला. एवढा थोराड पुरुष... पण ढसढसा रडत होता! “म्या तुया तोंडचा घास काढला, आपा. तूनं माह्यासाठी अख्खी जिंदगी देली अन् म्या तुले एक पुस्तक नाई देलं. मले काहून नाई सांगतलं?”

“सांगतलं असतं, तं तू मले अत्तराच्या शिशीसारखं फळीवर ठेवलं असतं.” तिचा हात त्याच्या केसांतून फिरत होता. “मले जपू नको, बापा. मले वाचू दे.”

तिच्या डोळ्यांतून पाझरणारे अश्रू त्याच्या मानेवर पडत होते. मग रज्जाकनं डोळे पुसले, खाली पडलेला फर्मा उचलला, ओळ शोधली आणि वाचू लागला.

“थांब,” आपा म्हणाली. “ते वाक्य दुल्हनचं हाये. तिले पुरं करू दे.”

पुढच्या आठवड्यात तो तिला छोट्या आगगाडीनं मूर्तिजापूरला आणि तिथून अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. चष्म्यानं काही होणार नाही, गेलेली नजर परत येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. परतीच्या वाटेवर रज्जाक तिचा हात धरून बसला होता. आपा मात्र खिडकीशी बसून, डब्यात कोण काय बोलतंय ते मिटल्या डोळ्यांनी कथेसारखं ऐकत होती.

मग त्या घराची रीतच बदलली. शिलाई पुन्हा आपाकडं आली, क्रम रज्जाक लावी आणि लतीफा तो तपासून पाही. पुस्तक दोन दिवसांत बांधून होई, पण गिऱ्हाइकाला रज्जाक सांगे, “आठ दिस लागतीन.” कुणी कुरकुरलं तर म्हणे, “आमच्या घरी पुस्तक पयले वाचतात, मंग शिवतात.” लोक हसत, पण थांबत.

एकदा थंडीत वाळवीनं खाल्लेली एक जुनी कादंबरी दुरुस्तीला आली. समुद्रावर हरवलेल्या एका कुटुंबाची ती हकिगत होती. आठ दिवस घरातले तिघंही त्या तुफानात सापडले होते. आठव्या दुपारी लतीफा वाचता वाचता एकाएकी थांबली.

“पुढं पानंच नाईत, आपा. वाळवीनं खाल्ले.”

“अकोल्याले विचारून पायतो मी,” रज्जाक म्हणाला, “दुसरी प्रत भेटली तं...”

मेहरुन्निसानं हातानंच त्याला थांबवलं. ऊन तिच्या मिटलेल्या पापण्यांवर पडलं होतं. ती हळूहळू सांगू लागली... पहाटे वारा पडला. आईनं फळीला धरलेला हात सोडला नव्हता. पांढऱ्या वाळूचा किनारा आला, माडांची सावली आली आणि त्या सावलीत पाण्याची घागर घेऊन थोरली मुलगी उभी होती, जिला सगळे मेलेली समजत होते... तिचा आवाज लाटेसारखा येत होता, जात होता. रज्जाकच्या हातातला पुठ्ठा तसाच राहिला. लतीफाचे गाल भिजले.

सांगणं संपलं. मग लतीफानं हळूच विचारलं, “आपा, हे पुस्तक तुमी पयले वाचलं होतं का?”

“नाई वो.”

“मंग शेवट कसा ठाव तुमाले?”

मेहरुन्निसा हसली, तिच्या गालावर हात फिरवत म्हणाली, “मले दिसला.”