राहिलेला ढ

संध्याकाळच्या आत बाबांच्या अक्षराचा फॉन्ट प्रकाशकाला पाठवायचा होता आणि लेकीचा ढ काही केल्या बसत नव्हता.

बाकीची अक्षरं झाली होती. बाबांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आता त्या उतरवून प्लॅस्टिकच्या लागत होत्या. तिने धावतपळत जाऊन एकेकीचे फोटो काढले आणि बाबांचं प्रत्येक वळण संगणकावर उतरवलं. आजारपणात त्यांचा उजवा हात कायमचा लुळा पडला होता. पण देवाची कृपा, त्यांचं अक्षर आता पुस्तकांत छापलं जाणार! या आनंदात तिला तहानभूक सुचत नव्हती. फक्त ढ तेवढा एकाही पाटीवर सापडला नव्हता.

"ढ दुकानदार भेटलाच नाही गं मला," खिडकीजवळच्या खुर्चीतून बाबा म्हणाले.

"चेष्टा पुरे. तुम्ही कसा काढला असतात ते सांगा."

"तुझ्या ढचं पोट सुटलंय, एवढं सांगतो."

हसत हसत तिने पान छापायला लावलं आणि चहा टाकायला गेली. परत येऊन पान उचललं, तर जागीच थबकली. अहाहा! काय तो डौल! घरातलं वडीलधारं माणूस पाटावर बसावं तसा ढ ओळीत बसला होता.

पडद्यावर मात्र तिचाच पोटसुट्या होता. पुन्हा छापलं, तर कागदावरही तोच पोटसुट्या आला. तिने पहिल्या पानावरच्या ढवरून बोट फिरवलं.

बोट काळं झालं. टर्पेंटाइनचा वास आला.

"बाबा! अहो, बघा तर!"

बाबांनी पान डाव्या हातात घेतलं. त्यांचं हसू मावळलं.

"आतली गाठ उलटी ओढलीय. असं एकच माणूस ओढायचं. आमचे वस्ताद."

"पण ते तर माझ्या जन्माआधीच..."

"हातावर हात ठेवून गिरवून घ्यायचे. सगळी अक्षरं झाली, ढ राहिला आणि ते गेले. ढ असलेली पाटी मी कधी घेतलीच नाही, बाळ. गिऱ्हाईक परत पाठवायचो."

तिच्या अंगावर काटा आला, पण आनंदही पोटात मावेना. तिने पान स्कॅन केलं, ढ जागेवर बसवला आणि फॉन्ट पाठवून दिला.

"गेला, बाबा! गेला!"



बाबा आपल्या मांडीकडे बघत होते. उजव्या हाताची बोटं जुळली होती, कुंचला धरावा तशी.

हात मांडीवरच्या चादरीवर सावकाश वळत होता. पोट. मग आतली उलटी गाठ.

"मी नाही करत गं," बाबा कुजबुजले.

हाताच्या पाठीवर कातडी चार जागी दबून पांढरी पडली होती.