मानो म्हणजे हात

वाळूजच्या एका कारखान्यात स्पेनहून पत्रा दाबायची प्रेस आली, तेव्हा तिच्यावरच्या पाट्या कामगारांना शिकवायला मला बोलावलं. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे; स्पॅनिश पुण्यात शिकले होते. दुपारच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये वर्ग भरायचा.

सुरुवात मी त्यांच्या कानावरच्या इंग्रजी शब्दांनी केली. मॅन्युअल, मॅनेजर, मॅन्युफॅक्चर. मूळ एकच, लॅटिनमधलं 'मानुस', म्हणजे हात. स्पॅनिशमध्ये हात म्हणजे 'मानो'. मॅन्युअल तिकडे 'मानुआल', मॅनेज करणं 'मानेहार'. प्रेसच्या जाळीवरच्या लाल पाटीतही तोच शब्द होता: आत 'मानो' घालू नका.

प्रेसवर काम करणारा कडूबा मेंढरं विकून कारखान्याजवळच्या बजाजनगरात राहायला आलेला. फळ्यावर मोठ्या, तिरक्या अक्षरांत सावकाश 'मानो' लिहून तो वळला.

"म्हंजे बाई, म्यानेजर बी हातावरनंच? हात आमचे अन् नाव त्याचं, व्हय?"

सगळे हसले. मीही.

पुढच्या आठवड्यात विद्यापीठाच्या नामांतराच्या मागणीसाठी शहर बंद होतं. निम्मे कामगार मोर्चात होते. माल मात्र तेवढाच निघायला हवा, म्हणून मॅनेजर सदाशिवरावांनी प्रेसची जाळी काढायला लावली. जाळीबरोबर पाटीही गेली. त्याच पाळीत कडूबाचा उजवा हात मनगटापासून तुटला.

घाटीत, सरकारी दवाखान्यात, त्याला भेटायला गेले. त्याच्या बायकोनं, म्हाळसाबाईनं, तो हात हर्सूल तलावाच्या कडेला पुरला होता.

"हात लई गार पडलाय बाई," कडूबा म्हणाला. "ओली माती लागतीय."

तुटलेला अवयव असल्यासारखा वाटत राहतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला ते पटलं.

पुढच्या खेपेला तो म्हणाला, "आता गार नाय. कुणाच्या तरी अंगाला लागलाय. ऊब हाय."

त्यानंतर सदाशिवरावांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"पाटीचा अर्थ तुम्ही शिकवला होता. तसं लिहून द्या. चूक त्याची आहे."

"पाटी होती कुठे?" मी विचारलं. "जाळी तुम्ही काढलीत. हात त्याचा गेला आणि वर चूकही त्याचीच?"

"ठीक आहे. मी लिहितो, तुम्ही फक्त सही करा."

ते लिहू लागले. 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे' इथपर्यंत आले आणि पेन थांबलं.

त्यांनी जोर दिला. हात हलेना.

डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट धरलं. तेव्हा पेन आपोआप चाललं. मोठी, तिरकी, सावकाश उमटणारी अक्षरं. ती मी फळ्यावर पाहिली होती.

'जाळी सायबानं काडली.'

सदाशिवराव कागदाकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"हे मी लिहीत नाहीये," ते हळूच म्हणाले.

खाली सहीही झाली. ती मात्र त्यांचीच होती.

मी कागद उचलला, थेट युनियनच्या माणसांच्या हातात दिला आणि घाटी गाठली. म्हाळसाबाई वॉर्डाच्या दारातच उभी होती.

"बाई, ह्यानं जन्मात बोटात काय घातलं नाय. अन् आज म्हणतोय, अंगठी रुतायलीय, काढा."

सदाशिवराव उजव्या हातात पुष्कराजाची अंगठी घालतात. मी तिला ते सांगितलं नाही.

आत कडूबा खाटेवर बसला होता. बँडेजच्या पुढे, जिथं काहीच नव्हतं, तिथं डाव्या हाताच्या चिमटीत काहीतरी धरून तो ते गोल फिरवत होता, ओढत होता.