हेडमास्तरच्या अंगावरचे ठिपके

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. यातली मोठी चूक माझी आहे ना, म्हणून. पण लिहितो. जमेल तसं, तुकड्या-तुकड्यांनी.

मी निनाद कोपुलवार. हिंगणघाटला राहतो. वीस वर्षांचा. शेतातली बिघडलेली यंत्रं उघडून बघत बघत शिकलो, कॉलेज-बिलेज काही नाही. माझ्याकडे एक पानबघ्या आहे. आता आमच्याकडे कापसाच्या जवळजवळ प्रत्येक शेतात असतो तसा. तळहाताएवढा, सहा पायांचा रोबो. पानावर चढतो, भिंगातून किडे मोजतो आणि फवारणी करायची की थांबायचं ते सांगतो. माझा भंगारातून आणलेला आहे, पण पाण्यात बुडाला तरी चालतो.

आमच्या खालच्या मजल्यावर सांची थूल राहते. सहावीत आहे. वयात अंतर आहे, पण आमची दोस्ती पक्की, कारण तीही प्रत्येक गोष्ट उघडून बघते.

दिवाळीच्या महिनाभराच्या सुट्टीत वर्गातला फिशटँक कोणी सांभाळायचा, याच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि सांचीचं नाव निघालं. नऊ मासे घरी आले. त्यातला सगळ्यात जुना, करड्या रंगाचा गोरामी म्हणजे हेडमास्तर. पोरं त्याला रोज ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणायची.

आठवड्याने सांची धापा टाकत वर आली.

“दादा, हेडमास्तरच्या अंगावर मीठ कोणी टाकलं?”

खाली जाऊन पाहिलं. खरंच, पंखांवर, पाठीवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके. आणि तो दगडाला अंग घासत होता, खाज सुटल्यासारखा.

“नवीन काही टाकलंस टँकमध्ये?”

ती हळूच म्हणाली, “एक मोली मासा. नागपूरहून मावशीने आणला. वर्गाला सरप्राइज द्यायचं होतं.”

“थेट सोडलास?”

“पाण्याची सवय व्हायला पिशवीसकट तरंगत ठेवला होता की अर्धा तास!”

शोधून वाचलं तर कळलं, हा एक परजीवी (दुसऱ्या जिवाच्या अंगावर राहून त्यालाच खाणारा जीव) आहे. एकपेशीय (सगळं शरीर म्हणजे एकच पेशी). तो नव्या मोलीबरोबर आला असणार. औषध मागवलं, दुपारपर्यंत वर्ध्याहून ड्रोनने आलं. बाटलीवरचं माप बघून टाकलं. खालची बारीक अक्षरं वाचली नाहीत. आणि मला वाटलं, मोजायला आपला पानबघ्या आहेच.

त्याला काचेला चिकटवलं. पहिल्या दिवशी तो म्हणाला, “हलणारं पान क्रमांक एक. किडे एकतीस.”

सांची हसून लोळली. “तो हेडमास्तरला पान म्हणतो!”

दुसऱ्या दिवशी चौदा. चौथ्या दिवशी त्याने दहाही मासे पाहिले आणि जाहीर केलं, “सर्व पानं निरंक. फवारणी थांबवा.”

निरंक म्हणजे शून्य. मी औषध थांबवलं. सांची म्हणाली होती, “अजून दोन दिवस टाकू या ना?” मी म्हणालो, “मशीनला कळतं.” हे वाक्य अजूनही मला टोचतं.

तीन दिवसांनी सगळ्या माशांवर ठिपके. हेडमास्तरवर तर मोजवेनात. तो वर येऊन तोंड उघडत होता. संध्याकाळी तळाशी आडवा झाला. मग हललाच नाही.

सांची रडली नाही. काचेवर बोट ठेवून बसून राहिली.

आणि डोक्यात नुसता गोंधळ. पानबघ्या खोटं बोलला? औषध बनावट होतं? शून्यातून शंभर येतात कुठून? रोग आकाशातून तर पडत नाही. मी पानबघ्या उघडला, भिंग पुसलं, जुने फोटो तपासले. त्या दिवशी खरंच शून्य होतं! मग तर आणखीच डोकं फिरलं.

तेवढ्यात सांचीची आई कामावरून आली. थूल काकू दुसऱ्यांच्या कापसाच्या शेतांची पाहणी करतात. आमची तोंडं बघून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“वा रे शास्त्रज्ञ!” त्या म्हणाल्या. “पानं पाहिली, माती काऊन नाही पाहिली? बोंडअळी पोट भरलं की खाली उतरते अन् मातीत कोष करते. झाडावर दिसत नाही, म्हणून गेली म्हणायचं का?”

मी आणि सांचीने एकमेकांकडे पाहिलं. टँकला माती नव्हती. पण तळाला खडी होती.

पानबघ्याला सरळ पाण्यात सोडलं. “जमीन तपास.”

“जमिनीवर किडे आहेत,” तो म्हणाला.

“मग आधी का नाही सांगितलंस, बे?”

“विचारलं नव्हतं. पानं विचारली होती.”

भिंगातून खडीला चिकटलेले चिकट मण्यांसारखे गोळे दिसले. पुटी (जीव स्वतःभोवती करून घेतो ते बंद आवरण). कॅमेरा एका पुटीवर लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवत असताना पानबघ्या ओरडला, “मोजणी जमत नाही! दोनशेच्या पुढे!”

ताट तसंच ठेवून धावलो. पडद्यावर पुटी फुटली होती आणि तिच्यातून धुळीसारखी पिल्लं पोहत सुटली होती. मासा शोधायला.

“थांब, थांब,” सांची म्हणाली. “म्हणजे पहिल्या वेळी औषधाने ठिपके मेले नव्हते?”

“नाही,” मी रात्री शोधून वाचलेलं सांगितलं. “तो माशाच्या कातडीच्या आत बसतो. तिथे औषध पोचतच नाही.”

“मग गेले कसे?”

“पोट भरलं, म्हणून स्वतःच उतरले. खाली पुटी केल्या. पुटीतही औषध शिरत नाही. एकाचे शेकडो झाले, ते पोहत निघाले. फक्त पोहताना औषध त्यांना मारू शकतं. दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही, तरीही ते मरतात.”

“अन् नेमकं ते पोहायला निघाले, तेव्हा आपण औषध बंद केलं.”

“आपण नाही. मी.”

आता मी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली: ठिपके दिसेनासे झाले, तरी आठवडाभर औषध थांबवू नका. हीटरने पाणी हळूहळू अठ्ठावीस अंशांपर्यंत नेलं. आधी मला वाटायचं, गरम पाण्याने तो परजीवी भाजतो. तसं नाही. उबेत त्याचं सगळं चक्र भराभर फिरतं, म्हणजे तो लवकर बाहेर पडतो आणि औषधाच्या तावडीत सापडतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून बुडबुड्यांचा पंप वाढवला. फिल्टरमधली कोळशाची पिशवी काढली, कारण कोळसा औषधच शोषून घेतो. रोज नळीने खडीतला गाळ ओढायचा, काढलं तेवढं पाणी त्याच उबेचं भरायचं आणि मग मापाने औषध.

पाचव्या दिवशी पानबघ्या म्हणाला, “पानं निरंक.”

सांचीने माझ्याकडे रोखून पाहिलं. मी मुकाट्याने औषधाची बाटली उचलली. शेवटचा ठिपका गेल्यावरही पूर्ण आठवडाभर औषध चाललं. नऊ मासे वाचले. ती मोलीसुद्धा.

पानबघ्याच्या प्रोग्रॅममध्ये मी एक ओळ घातली आहे. आता तो नुसतं निरंक म्हणत नाही, कुठे पाहिलं नाही तेही सांगतो. काकू म्हणतात, शेतावरच्या सगळ्याच पानबघ्यांना हे शिकव. बघतो. सांचीने गच्चीवर एक वेगळा टब मांडलाय. यापुढे नवा मासा आधी चार आठवडे तिथे राहणार.

काल ती जिन्यात बसली होती. सोमवारी शाळा उघडते.

“दादा, हेडमास्तर म्हातारा होता म्हणून गेला, असं सांगू का? कोणाला कळणार आहे?”

मलाही ते सोपं वाटलं होतं.

“मोली न विचारता सोडली, ते तू सांग,” मी म्हणालो. “औषध मी थांबवलं, ते मी सांगतो.”

“वर्गात? सगळ्यांसमोर? ते तुला सोडणार नाहीत हं.”

“नाही सोडलं तर नाही. सोमवारी सव्वादहाला मी शाळेच्या दारात उभा असेन. आधी मी बोलेन, मग तू. शब्द दिला.”