हळदीच्या फडक्यावरची तीन बोटं

वही गेली होती. मागे राहिलं होतं ते फक्त फडकं.

चिंतामणनं ते कपाटातून उचललं. हळदीच्या पोत्याचं पिवळंधमक फडकं, आणि त्यावर तीन लाल बोटं उमटलेली. त्यानं हात लावून पाहिलं. बोटं ओली होती.

"पंत! माझी वही!"

साल १९४६, चैत्रातली संध्याकाळ, पाचाचा सुमार. सांगलीच्या पेठेतला विष्णुपंतांचा छापखाना. आतल्या खोलीतून पंत लगबगीनं आले. पन्नाशीचे गृहस्थ, बगलेत कागदांची जुडी, बोटांना खोबरेल चोळत होते. फडकं पाहून त्यांनी कपाळावर हात मारला.

"अहो, उद्या सकाळी वाचन आणि आज हे? उभे काय राहिलात? चौकीवर पळा!"

चौकी दोन घरं सोडूनच होती. जमादार लालासाहेब आला. लष्करात तारा जोडत इटलीपर्यंत जाऊन आलेला गडी. भाषा मात्र जाताना होती तीच घेऊन परतला होता.

"वहीत काय हुतं?"

"गोष्टी. बारा गोष्टी."

"गोष्टी कोन चोरतंय, गड्या?"

चिंतामणला रडूच फुटायचं बाकी होतं. त्यानं सगळं सांगितलं. तो हळदीच्या अडतीत कारकून. पंतांच्या मासिकाला लीलाबाई नावाच्या एका श्रीमंत बाईंचा आधार होता. नव्या वर्षी बारा महिने चालेल अशी विज्ञानकथांची माला हवी, असं बाईंनी ठरवलं. उद्या त्या तिघांचं वाचन ऐकणार आणि एकाला निवडणार. तिघं म्हणजे चिंतामण, खुद्द विष्णुपंत आणि छापखान्यात छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवणारा केरबा.

"आणि माझी दुसरी नक्कल नाही हो. कागद रेशनवर. आणू कुठून?"

"कसल्या गोष्टी?"

चिंतामणचा चेहरा एवढ्या दुःखातही उजळला. "सन दोन हजार सालच्या. तेव्हा घरोघर एक चित्रपेटी असेल. दर आठवड्याला तिच्यात एक गोष्ट दिसेल, माणसं हलताना, बोलताना. त्या पेटीत दिसणाऱ्या बारा गोष्टी मी लिहिल्यात. कृष्णेचं पाणी चंद्रावर नेणारा नावाडी आहे. कालचा दिवस परत दाखवणारा आरसा आहे. सातव्या गोष्टीत एक यंत्र आहे. त्यात हात घातला की मत्सर असलेल्या माणसाचा हात लाल निघतो."

"विलायतेत असली पेटी निघालीया म्हणं," लालासाहेब म्हणाला. "आमच्या गोऱ्या सायबानं सांगितलंवतं. लय भारी डोकं हाय तुमचं. पर वही घरी का न्हाई ठेवली?"

उत्तर पंतांनी दिलं.

"घरी कशी ठेवतील? ह्यांच्या कुटुंबाला वहीचा राग. विनोदिनीबाई आज सकाळी दहाला इथे येऊन माझ्याशी भांडून गेल्या. वही चुलीत घालीन म्हणाल्या. आणि जमादार, मला बोलवत नाही, पण ही बोटं कुंकवाची आहेत."

चिंतामणचा चेहरा पांढराफटक पडला. मग लाल झाला. तो तडक बाहेर पडला आणि दहा मिनिटांत बायकोला घेऊन आला. घेऊन आला म्हणजे जवळजवळ ओढतच.

"सांग जमादारांना! कुठे टाकलीस? आज खरं सांगितलं नाहीस तर उद्याच तुला माहेरी पोचवतो!"

विनोदिनी जेमतेम बाविशीची. डोळे भरले होते, पण मान ताठ होती.

"वहिनी, सकाळी आलावता?" लालासाहेबानं विचारलं.

"आले होते."

"कशापायी?"

"ह्यांना ह्या लिखाणातून मोकळं करा म्हणून सांगायला. सवत परवडली असती, जमादार. तिच्याशी भांडता तरी आलं असतं. हे घरी येतात ते वहीचाच विचार करत. जेवताना वही, निजताना वही. माझ्याशी चार शब्द नाहीत. राग येणार नाही तर काय होईल?"

"वही कपाटात हाय, ठावं हुतं?"

"समोरच दिसत होती. त्या पिवळ्या फडक्यात."

"हात लावला?"

"नाही."

"खोटं!" चिंतामण ओरडला.

"गड्या, जरा दम खा," लालासाहेब म्हणाला.

तो छापखान्यात फिरू लागला. खिळ्यांचे खण नीट लावलेले. छपाईच्या यंत्राशेजारी बादली आणि तिच्यावर आडवा ठेवलेला कुंचला. कुंचल्यातून एक थेंब टपकला.

"पंत, केरबा कुठं हाय?"

"तीन दिवस झाले, रहिमतपूरला गेलाय. आज त्याच्या मुलीचं लग्न. पण जमादार, त्याचीही कथा होतीच उद्याला. मी हसलो होतो तिला, राग असेल त्याच्या मनात. मधूनच गाडीनं येऊन जाणं काही अवघड नाही."

"वधूबाप मांडव सोडून वही चोराय येतोय व्हय? माझा भाऊ हाय तितं जेवणावळीला. मग तीन दिस छापखाना?"

"बंद! खिळ्याला कुणाचा हात लागलेला नाही. मी आपला दुपारभर आत पडून होतो."

लालासाहेबानं मान डोलवली. मग फडकं खिडकीपाशी नेलं. झटकलं. हळद उडाली. लाल बोटं जिथल्या तिथे. त्यानं फडकं उलटं केलं. बोटं मागच्या बाजूलाही उतरली होती.

"वहिनी, जरा कुंकवाचं बोट द्या हितं."

विनोदिनीनं कपाळाला बोट लावून फडक्यावर टेकवलं. लालासाहेबानं फडकं झटकलं. कुंकू बरंचसं उडून गेलं, उरलं ते वरवर.

"आता बघा." त्यानं आपलं बोट बादलीत बुडवलं आणि फडक्यावर दाबलं.

पिवळ्या फडक्यावर चौथं लाल बोट उमटलं. अगदी पहिल्या तीन बोटांसारखं.

चिंतामण वाकून बादलीत पाहू लागला.

"आमच्या कारभारणीनं, अंबूबाईनं, मला हळद लागल्याल्या धोतराला साबण लावल्यावरनं एकदा लय झापलंय," लालासाहेब म्हणाला. "हळदीला साबण, सोडा, खार, काय बी लागू दे, ती लाल हुतीया. बादलीत सोड्याचं पानी हाय. छापून झालं की खिळं त्यानंच धुत्यात. रॉकेल मिळतंय कुठं हल्ली?"

"म्हणजे विनोदिनीनं कपडे धुतलेल्या हातानं…" चिंतामण पुटपुटला.

"तुमीच सांगा, तुमी हात लावला तवा बोटं कशी हुती?"

"ओली."

"आन वहिनी कवा आल्यावत्या?"

चिंतामणचं तोंड उघडं राहिलं. "दहाला."

"चैताचं ऊन हाय. दहाचं ओलं पाचपातूर ऱ्हातंय व्हय? तुमी यायच्या जरा आधी कुनीतरी खिळं धुतलं आन तसल्याच हातानं फडकं सोडलं. केरबा न्हाई. वहिनी न्हाईत. छापखाना बंद हुता, तर ह्या कुंचल्याचं पानी अजून कसं टपकतंय? पंत, बोटांना खोबरेल कशाला चोळत हुता मगाशी?"

विष्णुपंतांनी हात पाठीमागे घेतले. लहान मुलासारखे.

"ज्याला सवय न्हाई त्याची कातडी सोड्यानं चिरतीया. केरबाचं हात निबार झाल्यात. तुमचं न्हाईत. आन ती बगलेतली जुडी? मी आल्यापास्नं खाली ठिवली न्हाई तुमी."

"ती माझी… उद्याच्या वाचनाची पानं आहेत."

"छापल्याली. शाईचा वास हितपातूर येतोय. खिळ्याला हात लागला न्हाई तर ही कुनी छापली?"

लालासाहेबानं जुडी हातात घेतली आणि दोरा सोडला. ताज्या छापील पानांच्या मधोमध एक शाळकरी वही होती. कडेला हळद लागलेली.

चिंतामणच्या तोंडून नुसता हुंदका निघाला.

"छापलेलं पाहून बाईंवर छाप पडेल असं वाटलं मला," पंत खाली बसत म्हणाले. आवाज अगदी हळू झाला होता. "म्हणून एकट्यानं खिळे जुळवले, छापलं, धुतलं. हात ओलेच होते. म्हटलं, ह्या कारकुनानं काय लिहिलंय ते एकदा बघावं. फक्त एक नजर. उभ्याउभ्याच नावाड्याची गोष्ट वाचली. मग आरशाची. वीस वर्षं मी दुसऱ्यांचं छापतोय, चिंतामण, आणि रात्रंदिवस वाटत आलंय की आपण ह्यांच्यापेक्षा बरं लिहितो. तुमच्या दोन गोष्टी वाचल्या आणि माझी पानं मला वाचवेनात. मत्सर वाटला. फार वाटला. आणि कुंकवाचं नाव घेऊन एका पोरीचा संसार मोडायला निघालो."

"जाळली का न्हाई मग?" लालासाहेबानं विचारलं. "तेवढा येळ हुता."

"काडी ओढली होती." पंतांनी मान खाली घातली. "पण मधलं सोडून बारावी गोष्ट उघडली होती, ती अर्धीच वाचून झाली होती."

लालासाहेबानं मिशीवरून हात फिरवला. "तुमचं सातव्या गोष्टीतलं यंत्र खरं निघालं, गड्या. चोराचं बोट लाल उमटलं. आता तक्रार नोंदवू का?"

चिंतामणनं बायकोकडे पाहिलं. तिच्या मनगटावर त्याच्या बोटांचे वळ होते.

"माझं चुकलं, विनू."

"चुकलंच," ती म्हणाली. "पण जमादार, ते यंत्र असतं तर माझाही हात लालच निघाला असता. मी उचलली नाही एवढंच. तक्रार राहू दे. उद्या लीलाबाईंसमोर मात्र पंतांनी स्वतः सगळं सांगायचं."

पंतांनी मान डोलवून होकार दिला.

तिनं लालासाहेबाच्या हातातून वही घेतली. नवऱ्याला दिली नाही. पदरानं कडेची हळद पुसली आणि आपल्याच छातीशी धरली.

"आज घरी ही मला वाचून दाखवायची. बाराच्या बारा. बघू तरी माझी सवत आहे कशी."

दोघं उंबऱ्यापर्यंत गेली. तोच मागून पंतांचा आवाज आला, अगदी न राहवून आलेला.

"चिंतामण, एवढं एकच सांगा. बाराव्या गोष्टीत गावातल्या सगळ्या पेट्या एकदम बंद पडतात. मग पुढे काय होतं?"

चिंतामणनं तोंड उघडलं, पण विनोदिनी आधी वळली.

"छापा," ती म्हणाली. "म्हणजे कळेल."