पाचवी उत्तर

साल १९६२. जानेवारी. जपानातलं नेमुरो बंदर.

हे मी ऐकीव म्हणून सांगत नाही. ज्या मेजावर घडलं ते मेज मी स्वतः पुसलं आहे. आणि जिच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी मावशी, चियोनो. खोटं बोलणं तिला जमतच नसे.

तिचा नवरा तोकुझो तीन वर्षांपूर्वी खेकड्यांच्या बोटीवर उत्तरेला गेला, तो परत आलाच नाही.

बोट नाही. प्रेतही नाही.

मावशी रोज त्याचं ताट वाढायची. त्याच्या जागेवर, गरम सारासकट. दूर गेलेल्या माणसासाठी आमच्याकडे वाढतात तसं. वाटीच्या झाकणाला आतून थेंब धरले, की माणूस जिवंत आहे म्हणायचं. तीन वर्षं थेंब धरत होते.

त्या दुपारी तिने झाकण उचललं...

कोरडं.

तेवढ्यात थोरले दीर कान्बेई आले, शेजारच्या यासुएला घेऊन. बोलणं जुनंच. आता देवळात मेलेल्यांच्या यादीत नाव द्यावं, तोकुझोच्या नावाची पाटी देव्हाऱ्यात ठेवावी. मावशी दरवेळी थांबा म्हणायची. शेवटी यासुएनेच तोडगा काढला. माहजाँगचा, म्हणजे सोंगट्यांच्या खेळाचा, एक डाव. मावशी जिंकली, तर पुन्हा विषय नाही. नाहीतर पाटी.

खेळायला चौघं लागतात. चौथी जागा तोकुझोची. तिथेही सोंगट्या मांडल्या. त्याच्या पाळीला यासुए एक उचलायची आणि तीच टाकायची.

चारलाच अंधारून आलं. बाहेर बर्फ. आवाज फक्त सोंगट्यांचा.

मावशीचा डाव एका सोंगटीवर येऊन अडला. दोन्ही टोकांनी सुटेल अशी वाट तिच्यापाशी होती. ती मोडून तिने उत्तर वाऱ्याच्या चिन्हाची एकच सोंगटी धरून ठेवली, तिच्या जोडीदाराची वाट बघत. तोकुझो नेहमी असाच अडून बसायचा. लोक हसायचे, "अरे, दोन दारं उघडी असताना भिंतीशी काय उभा राहतोस?"

उत्तरेच्या सोंगट्या असतात चारच. एक मावशीच्या हातात. एक कान्बेईंनी टाकलेली. आणि एक तिनेच, सुरुवातीला, नको म्हणून टाकलेली.

तिथेच घोळ होता. जी आपण टाकली, तीच पुढे दुसऱ्याने टाकली तर घेता येत नाही. स्वतःच्या पाळीला आली तरच आपली.

यासुए चहा ठेवायला उठली. तोकुझोची पाळी आली की हाक मारा म्हणाली.

पाळी आली. हाक मारायच्या आधीच...

टक्.

रिकाम्या जागेसमोर एक सोंगटी पडली होती. उताणी. ओली.

उत्तर.

कान्बेईंनी ती बोटाने मावशीकडे सरकवली. मग हळूच म्हणाले, "घे, चियोनो. नियमाचं राहू दे."

"नाही, भाऊजी. उत्तर मीच आधी टाकली होती."

तिला वाटलं, तो निरोप घ्यायला आला. शेवटची एक उरली होती, तीही त्याने टाकली. तिने आपल्या सोंगट्या पालथ्या घातल्या.

"द्या नाव देवळात."

यासुए आवरायला बसली. उचलायच्या सोंगट्यांच्या रांगेतली पुढची सोंगटी, जी मावशीच्याच पाळीला येणार होती, ती तिने सहज उलटली.

उत्तर.

मोजल्या. पुन्हा मोजल्या. पाच.

मावशी उठून ताटापाशी गेली. सार केव्हाच गार झालं होतं. तिने झाकण उचललं...

थेंब ओघळत होते.

कान्बेई पुन्हा कधी खेळायला बसले नाहीत. काही वर्षांनी गेले. यासुए लेकीकडे कुशिरोला राहायला गेली, ती मावशीला भेटायलासुद्धा आली नाही. मावशी चौऱ्याऐंशी वर्षं जगली. पाटीपुढे उदबत्ती लावायची, आणि शेजारी ताटही वाढायची. शेवटच्या आजारपणात मला विचारायची, "तो थांबू नकोस म्हणाला गं, की अजून एक पाळी थांब म्हणाला?"



पाचवी सोंगटी आता माझ्याकडे आहे. कोरड्या फडक्यात बांधून ठेवते.

फडकं सारखं बदलावं लागतं.