गोड न ठेवलेलं ताट

"मॅडम, आमच्या अम्मीचा वडापाव बंद करणाऱ्या तुमीच न्हवं का?"

समिनानं दचकून हातातला वडापाव पर्सच्या मागे लपवला. बारामतीचा गुरुवारचा बाजार, थंडीची संध्याकाळ, आणि पालेभाजीच्या ढिगाआडून हसणारा हा कोण कुठला पोरगा! मग आठवलं. ती दवाखान्यात मधुमेहाच्या पेशंटना काय खावं, काय नको, ते कागदावर लिहून द्यायची. बावडा गावच्या फरिदाचाचींची साखर तीनशेच्या वर होती. त्यांच्यासोबत आलेला हा त्यांचा मुलगा, अबरार.

"ते... दुपारचं जेवण राहिलं होतं," ती पुटपुटली.

"आणि आमाला सांगता, ताटात निम्मी भाजी पायजे!" त्यानं भाजीवर पाणी शिंपडलं, ते मुद्दामच तिच्या गालापर्यंत पोचलं. "ही चाकवताची जुडी घ्या. फुकट. पुढच्या गुरुवारी कशी केली ते सांगायचं."

ती चिडली... आणि जुडी घेऊन घरी गेली.

खरं सांगायचं तर बाईंचा स्वयंपाकाशी फारसा संबंध नव्हता. अब्बांच्या बेकरीतली खारी आणि चहा यांवर तिचं छान चाललं होतं. पण त्या गुरुवारनंतर चाकवत झाला, अंबाडी झाली, करडईची भाजी भाकरीशी झाली. अंबाडी आंबटढाण लागली म्हणून ती भांडायला गेली, तेव्हा अबरार म्हणाला, "पहिल्या घासाला तशीच लागती. मग सुटत न्हाय. तुमचं तरी काय येगळं हाय?" समिनाचे कान लाल झाले, आणि भांडण तिथंच संपलं.

जानेवारीत त्यानं विचारलं, "अम्मीला घिऊन येऊ का... तुमच्या घरी?"

तिनं समोरची मेथी उगाच चाळवली. "या की," एवढंच म्हणाली, पण रस्ताभर हसत घरी गेली.

रविवारी पाहुणे आले. अब्बांनी मिठाई आणून ठेवली होती. समिनानं डबा उघडला आणि तिला फरिदाचाचींचा रिपोर्ट आठवला. होणाऱ्या सासूला पहिल्याच दिवशी बर्फी वाढायची? छे! तिनं डबा फळीवर ठेवून दिला. ताटात ज्वारीची भाकरी, अबरारच्याच रानातला चाकवत, मटकीची उसळ, पेरूच्या फोडी. वर बिनसाखरेचा चहा. इतक्या मायेनं तिनं आजवर कुणासाठी रांधलं नव्हतं.

पण त्यांच्या समाजात एक रीत होती. सोयरीक घेऊन आलेल्यांपुढे गोड आलं तर होकार. नकार असला तरी पोटभर खाऊ घालायचं, फक्त गोड ठेवायचं नाही, म्हणजे तोंडावर 'नाही' म्हणून कुणाचा अपमान नको. समिनाला ही रीत ठाऊक नव्हती असं नाही. त्या दिवशी चाचींच्या साखरेपुढे तिला दुसरं काही सुचलंच नाही. चाची जेवल्या आणि "येतो आमी" म्हणून उठल्या. अबरारनं दारातून एकदा वळून पाहिलं. ही वेडी आपली त्याच्याकडे बघून हसली.

मुलाकडून निरोप येईल म्हणून ती वाट पाहत बसली. निरोप आला नाही. अबरार गुरुवारी यायचा बंद झाला. त्यानं फोन केला नाही, आणि हिनंही मान ताठ ठेवून केला नाही. दोन महिन्यांनी ती एकटीच रडताना अब्बांना दिसली. ते गोंधळून गेले.

"बेटा, नकार तर तूच दिलास. गोड ठेवलं न्हाईस. तुझ्या मर्जीपुढं मी काय बोलणार?"

दुसऱ्याच दिवशी तिनं इंदापूरची एसटी पकडली. अबरार आता तिथल्या बाजारात बसतो, असं दवाखान्यात कुणीतरी म्हणालं होतं. वाटभर ती एकच वाक्य घोकत होती — अबरार, मी नाही म्हटलं नव्हतं...

भाजीपाशी चाची बसल्या होत्या, तब्येतीनं चांगल्या सुधारलेल्या. मागे अबरार गोणी सोडत होता. तिला पाहून त्याचे हात थांबले.

"आगं पोरी, तू! तुझ्या कागदापरमाणं खाते बघ. साखर निम्म्यावर आली," चाची म्हणाल्या. "येत्या शुक्रवारी ह्याचा निकाह हाय. अकलूजची पोरगी हाय. बाप न्हाय बिचारीला, पर माझ्यावर लई जीव लावलाय तिनं." मग त्या जरा पुढे सरकल्या. "एक इचारू? येवढं मनापासून वाढलंस, मग गोड का न्हाय ठेवलंस? पोरगं महिनाभर धड जेवलं न्हाय गं."

अबरार तिच्याकडेच बघत होता.

उत्तर जिभेवर होतं. तुमच्यासाठी, चाची. तुमच्याच जिवासाठी! पण ते सांगायचं म्हणजे या बाईनं जन्मभर स्वतःच्या आजाराला बोल लावायचा, आणि त्या बापाविना पोरीचा मांडव मोडायचा. एका फोनचं काम होतं, समिना. दोन महिन्यांपूर्वी एक फोन केला असतास तर!

"माझंच मन नव्हतं, चाची," ती म्हणाली.

इतकं मोठं खोटं ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. चाचींनी सुस्कारा टाकला. अबरारनं मान खाली घातली आणि तो पुन्हा गोणी सोडू लागला. दोघांनाही ते लगेच खरं वाटलं.