लास्मी बाईंची सायकल

हसायचं तर खुशाल हसा. पण क्लातेन गावात कालव्याच्या पुलाजवळ राहणाऱ्या कारसिदी आजोबांच्या बाबतीत हे खरंच घडलंय. गुरुवारी संध्याकाळी, मगरिबची बांग होत असताना सुरुवात झाली.

आजोबांची चाळीस वर्षं सायकलच्या दुकानात गेली. नव्या सायकलींना ते पत्र्याचे डबे म्हणायचे. त्यामुळे नात वेनिंगने बाजारातून जुनी काळी लेडीज सायकल आणली, तेव्हा स्वारी जाम खूश.

"हे बघ, याला म्हणतात लोखंड! नाहीतर तुझा तो डबा."

"मग उद्यापासून शाळेत हीच नेणार," वेनिंग म्हणाली.

आजोबांनी सवयीने पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावरून बोट फिरवलं...

बोट थांबलं.

डाव्या दांडीवर कानशीचे तीन ओरखडे. त्यांच्याच हातचे.

तीस वर्षांपूर्वी हा चिमटा वाकला होता. बदलायलाच हवा होता. पण नवा मिळेना, आणि शाळेच्या लास्मी बाईंना घाई. आजोबांनी तो तसाच ठोकून सरळ केला, वर रंग फासला.

"नव्यासारखा झालाय, बाई. जा बिनधास्त."

त्याच दिवशी पुलाच्या उतारावर चिमटा दुमडला. बाई जागच्या जागी गेल्या. लोकांनी खड्ड्याला दोष दिला आणि आजोबा गप्प बसले.

आणि आता...

चिमटा सरळ होता. ठोकल्याची एक खूण नाही. इतकं दुमडलेलं लोखंड असं सरळ होतच नाही.

"हिला हात लावायचा नाही. कळलं?"

"अहो आजोबा, आत्ता तर गोडवे गात होतात!"

"नाही म्हणजे नाही!"

त्यांनी सायकल खोपटात ठेवली, कुलूप घातलं, किल्ली कनवटीला खोचली. सकाळी करवतीने चिमटा कापायचा, असं ठरवलं.

पाठ फिरवली...

टिंग.

घंटी एकदाच वाजली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

सकाळी किल्ली कनवटीलाच होती. कुलूपही लागलेलं होतं.

खोपट रिकामं...

वेनिंगही घरात नव्हती.

आजोबा अनवाणी धावत सुटले.

ती पुलाच्या उताराखाली बसली होती. हात मोडलेला, ओठ फुटलेला. पण जिवंत होती! म्हाताऱ्याने तिला पोटाशी धरलं आणि ढसाढसा रडला.

"मी नव्हते हो नेणार," ती हुंदके देत म्हणाली. "फाटकात एक बाई सायकल धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, 'नव्यासारखा झालाय. जा बिनधास्त.'"

आजोबांनी हे शब्द तीस वर्षांत कुणापाशी काढले नव्हते.

शेजारी सायकल पडली होती... चिमटा त्याच जागी दुमडलेला.

आता वेनिंगचा हात बरा झालाय. ती पुन्हा आपल्या डब्यावरून शाळेत जाते. ती निघण्याआधी आजोबा रोज त्या डब्याच्या चिमट्यावरून बोट फिरवतात.

चिमटा रोज सरळच लागतो...

आजोबांना त्याचीच भीती वाटते.